दहा रुपयांची मेथी

चि. अन्वी,

ठाण्याच्या जांभळी नाक्यावर तू मला एक प्रश्न विचारलास, त्याला आता दोन महिने झाले. तिथे मी हसून वेळ मारून नेली. घरी आल्यावर आजीपुढे विषयच काढला नाही, आणि मेलबर्नला परतल्यावर तुझी शाळा, माझं ऑफिस सुरू झालं. पण रात्री भांडी विसळताना तो प्रश्न रोज येऊन शेजारी उभा राहतो. म्हणून लिहायला बसले. बोलायला लागले की मी लेक्चर देते, असं तूच म्हणतेस. लिहिलेलं तू मध्येच सोडून उठू तरी शकतेस. एखादा शब्द अडला तर बाबाला विचार. मला विचारलंस तर मी समजावत बसेन.

तर ती मेथी. भाजीवाल्या मावशी जुडीचे तीस म्हणत होत्या आणि मी वीसवर अडून बसले होते. तू फोन काढून हिशेब केलास. दहा रुपये म्हणजे आपले वीस सेंटसुद्धा होत नाहीत. आणि म्हणालीस, "आई, तुझ्याकडे पैसे आहेत आणि तू नसल्यासारखी वागतेस. इट्स काइंड ऑफ खोटं, नो?" त्यातला 'खोटं' मावशींना बरोबर ऐकू गेला. "पोरगी खरं बोलते," म्हणाल्या, पन्नासला दोन जुड्या दिल्या आणि वर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकल्या. मला एकच जुडी हवी होती. त्या सौद्यात कोण जिंकलं हे मला अजून कळलेलं नाही.

कंजूष म्हणाली असतीस तर काही वाटलं नसतं. ते तुझा बाबा रोज म्हणतो. तू खोटं म्हणालीस, ते लागलं.

एक आधीच सांगून टाकते. हे पत्र तुझ्या त्या कॉन्सर्टच्या तिकिटाबद्दल नाही. शनिवार-रविवार कॅफेत उभी राहून मिळवलेले पैसे तुझे आहेत. (थोडंसं तिकिटाबद्दल आहे. पण जाऊ दे.)

चरईतलं आमचं घर तू पाहिलं नाहीस. तू जन्मायच्या आधीच ती चाळ पाडून तिथे इमारत उभी राहिली. दोन खोल्या, पुढे सामाईक गॅलरी, आणि आम्ही पाच जणं: नाना, आजी, मी, बंडूमामा आणि नानांची आई. नाना वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत स्टोअर्सला होते. सात तारखेला पगार. त्या रात्री जेवणं उरकली की आजी जमिनीवर बसायची आणि समोर पाकिटं मांडायची. पाकिटं विकत कोण आणणार? लग्नपत्रिकांची जपून ठेवलेली. प्रत्येकावर कोपऱ्यात गणपती, मध्ये 'शुभविवाह', आणि त्याच्याखाली आजीचं अक्षर: दूध. वाणी. लाइट बिल. रॉकेल. फी. औषध. सण. पाहुणे. आमच्याकडे रॉकेलसुद्धा शुभमुहूर्तावर यायचं.

या पाकिटांची शिस्त कडक होती. महिनाअखेरीला वाण्याचं पाकीट रिकामं झालं तर फीच्या पाकिटातून पैसे घेता यायचे, पण चिठ्ठी टाकून. 'फीमधून वाण्याला ४०, परत देणे.' स्वतःच स्वतःला दिलेली उधारी, आणि ती पुढच्या सात तारखेला फेडलीच जायची. मी पुढे नोकरीला लागल्यावर ऑफिसात ताळेबंद पाहिला तेव्हा मला त्यात नवीन काही वाटलं नाही.

एका पाकिटावर मात्र काहीच लिहिलेलं नसायचं. ते तूरडाळीच्या डब्याखाली असे. त्यात उरलेसुरले पैसे जायचे, आणि थोडे साठले की आजी पोस्टातून इंदिरा विकास पत्र आणायची. पाच-साडेपाच वर्षांत दुप्पट. त्या कागदावर कुणाचंच नाव नसायचं. नोटेसारखाच तो, ज्याच्या हातात त्याचा. हरवला तर गेला. म्हणजे बिननावाच्या पाकिटात बिननावाचे कागद. "हे कशासाठी?" असं मी विचारलं की ती म्हणायची, "असू दे."

नानांचं वेगळं होतं. त्यांना कशासाठी ते पक्कं ठाऊक होतं: ऐरोलीला सिडकोचं घर. १९९० साली एका रविवारी ते आम्हा सगळ्यांना बसनं तिकडे घेऊन गेले. रस्त्याच्या कडेला कारखाने, पलीकडे खाडीचा चिखल, आणि मध्येच एकसारख्या बुटक्या इमारती. आजी खाली उतरल्यावर म्हणाली, "इथे भाजी कुठे मिळते?" नाना म्हणाले, "मिळेल." त्यावर दोघांचं दिवसभर बोलणं नाही. पण तेव्हापासून पीपीएफमध्ये टाकायचा आकडा वाढला. पोस्टाच्या आर.डी.च्या एजंट काकू दर महिन्याला चहाला यायच्या आणि जाताना पैसे घेऊन जायच्या, त्यांचाही हप्ता वाढला. आणि आमची भेळ कमी झाली. आधी तलावपाळीला गेलो की दोन भेळी चौघांत, मग एक. बंडूमामाला तबल्याचा क्लास लावायचा होता. "पुढच्या वर्षी." पुढचं वर्ष हे आमच्या घरातलं सहावं माणूस होतं.

पीपीएफवर तेव्हा बारा टक्के मिळायचे. नाना ते असं सांगायचे की जणू त्यांनीच सरकारला पटवलंय. पण १९९१ साली महागाईच तेरा टक्क्यांच्या पुढे होती. म्हणजे भेळ अर्धी करून साठवलेले पैसे बारा टक्क्यांनी वाढतानाही आतून झिजत होते. हे मी फार उशिरा शिकले. नानांना कधी सांगितलं नाही.

त्याच १९९१ मध्ये कंपनीला टाळं लागलं. का लागलं ते प्रत्येक जण वेगळं सांगायचा. गेटवर सभा व्हायच्या, नाना जायचे आणि येऊन काही बोलायचे नाहीत. आधी देणी मिळणार म्हणाले, मग तारीख, मग पुढची तारीख. मी नववीत होते. आता तुझ्या प्रश्नाकडे येते, कारण त्या वर्षी आमच्या घरात खूप खोटं चाललं होतं. फक्त ते उलट बाजूनं.

पैसे नव्हते आणि आम्ही असल्यासारखं वागत होतो. पाहुण्यांचं पाकीट त्या वर्षभरात एकदाही रिकामं झालं नाही. वाण्याचं झालं, फीचं झालं, पण ते नाही. डोंबिवलीचे काका आले की आजी मला डोळ्यांनी खुणावायची आणि मी अर्धा पाव फरसाण आणायला पळायची. सुमामावशीच्या लग्नात आजीनं १०१ चा आहेर केला, ताईमावशीनं केला तेवढाच. आम्हाला मात्र सांगून ठेवलेलं, ताटात परत वाढायला आलं तर "पोट भरलं" म्हणायचं नाही, नीट जेवून घ्यायचं. चाळीत कुणी विचारलं तर नाना "सुट्टीवर" होते. पाच महिन्यांची सुट्टी! सगळ्यांना कळत होतं, आणि सगळे "काय नाना, मजा आहे" म्हणत होते. ते खोटं होतं की चाळीची माया, ते मला आजही ठरवता येत नाही.

चौथ्या महिन्यात कधीतरी शनिवारी दुपारी आजीनं तूरडाळीचा डबा उचलला, पाकीट काढलं आणि म्हणाली, "आवरा, नाटकाला जायचंय." गडकरी रंगायतन आमच्यापासून चालत पंधरा मिनिटांवर. ते १९७८ चं, म्हणजे माझ्याहून एका वर्षानं लहान. रोज शाळेत जाताना मी बाहेरच्या फलकावर 'हाउसफुल्ल' वाचायची. आत गेले नव्हते. नाना आधी हसले, मग त्यांना कळलं की ती खरंच म्हणतेय. "अगं, आपल्याला हे परवडतं का?"

आजी म्हणाली, "नाही."

एवढंच. पुढे काही स्पष्टीकरण नाही. आणि आम्ही गेलो, पाचही जणं, नानांच्या आईसकट. नाटक विनोदी होतं. नाना पहिला अर्धा तास हाताची घडी घालून बसले होते. मध्यंतरात आजीनं प्रत्येकाला एक अख्खा बटाटेवडा घेतला, अर्धा नाही, आणि वडा खाताना नाना म्हणाले, "मीठ कमी आहे." तेव्हा आम्हाला कळलं की सगळं ठीक होणार. झालं की नाही ते वेगळं. दोन वर्षं त्यांनी एका दुकानाचा हिशेब लिहिला. ऐरोलीचे पैसे घरात खाल्ले. आज सुमामावशी ऐरोलीला राहते, तिच्या बाल्कनीतून ठाणे-वाशी लोकल जाताना दिसते, आणि तिथे गेलं की आजी अजूनही विचारते, "इथे भाजी कुठे मिळते गं?"

तर मला आजी कळते, असं मी धरून चालले होते. काटकसर म्हणजे दर रुपयाला नाव असणं, आणि एका पाकिटाला नसणं. इथपर्यंत मी तुला बचाव म्हणून सांगितलं असतं आणि पत्र संपवलं असतं. पण नानांचं श्रवणयंत्र मध्ये येतं.

तुला आठवतं का, तू पाच-सहा वर्षांची असताना फोनवर नानांना शाळेच्या गोष्टी सांगायचीस? ससा, टीचर, तुझी ती मैत्रीण. नाना "हो हो, वा वा" म्हणायचे. तू खूश. त्यांना यातलं काही ऐकू येत नव्हतं. दोन्ही कान जवळपास गेले होते. मी पाचदा सांगितलं, नाना, चांगलं यंत्र घ्या, मी पाठवते पैसे. "अजून चालतंय. एवढे पैसे कानात घालायचे?" २०१७ साली ते गेल्यावर मी त्यांचं कपाट आवरलं, तर मुदत ठेवीच्या अकरा पावत्या निघाल्या. प्रत्येकीवर आजीचं, माझं किंवा बंडूमामाचं नाव वारस म्हणून. एका पावतीत त्यांना चार यंत्रं आली असती. मी त्या कपाटासमोर बसून त्यांच्यावर इतकी चिडले की रडायलाही सुचेना. त्यांनी आमच्यासाठी साठवलं, हे खरं. तुझा ससा ऐकला नाही, हेही खरं.

आणि बंडूमामा बघ. तबला न शिकलेला. पगार झाला की दहा दिवसांत संपवतो, गाडीचे हप्ते, फोनचे हप्ते, मागच्या वर्षीच्या काश्मीरचे हप्ते अजून चालू आहेत. मी त्याला बोलते तेव्हा तो म्हणतो, "ताई, माझं पुढचं वर्ष मी आत्ताच वापरतो." त्याला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. एकाच घरातून आम्ही दोघं निघालो. त्याला एक भेळ चौघांत खाल्ल्याचा राग आहे आणि मला तिची सवय लागली.

मी इथे २००६ साली आले तेव्हा मला आणि बाबाला सवयच उपयोगी पडली. घराचं डिपॉझिट जमवायला पाच वर्षं लागली, त्यात मी एकदाही बाहेर कॉफी घेतली नाही, हे मी अभिमानानं सांगत असे. मग तू कॅफेत लागलीस आणि तिथे एकट्या येऊन तासभर एका कॉफीवर बसणाऱ्या आज्यांच्या गोष्टी घरी आणायला लागलीस. तेव्हापासून सांगत नाही.

आपली एक एक्सेल शीट आहे, तुला माहीत आहे. त्यात घराचं कर्ज, तुझी युनिव्हर्सिटी, आजीचं औषधपाणी, ठाण्याच्या फेऱ्या. निवृत्तीचं अर्धं काम इथला कायदाच करतो, मालकच पगारावर १२ टक्के सुपरमध्ये, म्हणजे निवृत्तीच्या फंडात, भरतो. (बारा टक्के ऐकल्यावर मला आधी नानाच आठवले.) परवा बाबानं ती शीट उघडली आणि विचारलं, "हा 'इतर' नावाचा रकाना काय आहे? सगळ्यात जास्त पैसे त्यातच आहेत." मी म्हटलं, "असू दे."

म्हणजे बघ, पाकीट तेच. पण आजीला ते कधी उघडायचं ते कळलं होतं. मला अजून एकही शनिवार तसा आलेला नाही, किंवा आले असतील आणि मी डबा उचलला नसेल. मेथीवाल्या मावशींशी मी दहा रुपयांसाठी भांडत नव्हते, अन्वी. मला वाटतं, मी तिथे चौदा वर्षांची होऊन उभी होते. हे खोटं आहे का? असेलही. तुला ते वारशात हवंच असं माझं काही नाही. पाकिटांची युक्ती घे वाटल्यास, भीती नको घेऊस. आणि तिकीट घेतलंस ते छान केलंस. मध्यंतरात काहीतरी खा.

हो, आणखी एक. टीव्हीचा आवाज आजी केवढा मोठा ठेवते ते तू पाहिलंसच. निघायच्या आदल्या दिवशी तू झोपली होतीस तेव्हा मी तिला नौपाड्यात नेऊन दोन्ही कानांना यंत्रं बसवून आणली. 'इतर'मधून. तिनं दुकानात विचारलं नाही, रिक्षात विचारलं, "केवढ्याला पडली?" मी एक शून्य कमी करून सांगितलं. हे मात्र चक्क खोटं, आणि तू तिला सांगायचं नाहीस.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तरी महागच दिली गं त्यानं. घासाघीस नाही केलीस?"

तुझी,
आई