आमच्या दोन वर्षांच्या लॅब्राडॉरच्या अंगावर बागेतून आल्यावर तासाभरात अचानक गाठी उठल्यात. त्याचं चिकन बंद केलंय. ॲलर्जी असेल का? घरातली सर्दीची गोळी देऊ का?

आधी गोळीचं. देऊ नका. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत सेट्रिझिन या ॲलर्जीच्या औषधाच्या जोडीला पॅरासिटामॉल आणि फिनाइलएफ्रिन असतं, आणि ते कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. नुसती सेट्रिझिन डॉक्टर कुत्र्यांनाही देतात, पण वजन बघून, आणि ते त्यांनीच ठरवायचं.

बागेतून आल्यावर तासाभरात गाठी आल्या म्हणताय, म्हणजे बहुतेक पित्त उठलंय. आपल्या अंगावर गांधी उठतात, तोच प्रकार. आखूड केसांच्या कुत्र्यात ओळखायला सोपं, जागोजागी केसांचे पुंजके उभे राहतात.

आमच्या कुत्र्याला, चिकूला, गेल्या पावसाळ्यात चिपळूणला हेच झालं. वळचणीला गांधीलमाश्यांचं पोळं, आणि साहेब माशी तोंडाने पकडायला गेले. वीसेक मिनिटांत पाठभर कातडीखाली चिंचोके पेरल्यासारखं दिसायला लागलं, वरचा ओठ तर सुजून लोंबत होता. सासूबाईंनी आमसुलं भिजवून त्याच्या पाठीला चोळली, वळता येईल तिथपर्यंतची त्याने चाटून साफ केली. दवाखान्यात पोचेपर्यंत पाठ निम्मी उतरली होती, ओठ तसाच. डॉक्टरांनी एव्हिलचं, म्हणजे ॲलर्जीवरचं, इंजेक्शन दिलं, सकाळी अंगावर काही नव्हतं. घरात श्रेय अजून आमसुलालाच आहे.

सांगायचं म्हणजे, आत्ताच फोटो काढून ठेवा. डॉक्टरांसमोर जाईपर्यंत गाठी गायब झालेल्या असतात.

आणि तोंडाकडे लक्ष ठेवा. पापण्या-ओठ सुजायला लागले, श्वासाला घरघर आली, हिरड्या पांढुरक्या दिसल्या किंवा पाय लटपटले तर पुढचं वाचू नका, निघा. उलट्या-जुलाब लागले तरीही. कुत्र्यात ॲलर्जीचा जोरदार झटका बरेचदा पोटावर निघतो, आणि घरचे 'बाहेर काहीतरी खाल्लं असेल' म्हणत थांबून राहतात.

पित्त साधारण दिवसभरात उतरतं. नाही उतरलं तर प्रकरण वेगळं. पोटावर पिवळ्या टोकाच्या पुळ्या आणि खपल्या असतील तर जंतुसंसर्ग असू शकतो. केस बाजूला सारून नीट बघा, 'गाठी'ला पाय असतील तर ती गोचीड आहे! (हसू नका, मी स्वतः फसलोय.) एकच गाठ असेल आणि ती कधी फुगते, कधी लहान होते असं दिसलं, तर डॉक्टरांकडून सुईने तपासून घ्या. मास्ट सेल नावाचा कॅन्सर असा वागतो.

चिकन बंद केलंत ते मला पटलं नाही. अन्नाची ॲलर्जी बहुतेकदा बारमाही खाज, सारखे बिघडणारे कान, पंजे चाटत बसणं अशी दिसते. ती शोधायला डॉक्टरांनी ठरवलेलं एकच खाणं निदान आठ आठवडे द्यावं लागतं, मध्ये बिस्किटसुद्धा नाही. एकदा उठलेल्या गांधींवरून त्या बिचाऱ्याचं जेवण कशाला तोडता? पुन्हा उठल्या तर मात्र तारीख, कुठे फिरला, फरशीला कुठलं फिनाईल लावलं, सगळं लिहून ठेवा.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही. या एक-दोन दिवसांत लस किंवा गोचिडांचं औषध दिलं होतं का? दिलं असेल तर डॉक्टरांना सगळ्यात आधी तेच सांगा, पुढचा डोस कसा द्यायचा ते त्यावर ठरेल.