धसका, श्वास आणि गुडघे

प्रश्न : आम्ही बारा जणी कथक शिकलेल्या. मेक्सिकोतल्या ‘सुस्तो’ या आजारपणाच्या लोकसमजुतीवर लिमोन पद्धतीने (ही आधुनिक नृत्याची एक शैली) रचना बसवतोय. ग्रॅनाइटवर पडण्याचा सराव केला की गुडघे सुजतात. डोळे मिटून जोराने श्वास घेताना दोघींच्या बोटांना मुंग्या आल्या, एक रडूच लागली. काय चुकतंय?
— वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : कथकात अंग ताठ पेलायची सवय असते, लिमोनमध्ये वजन सोडायचं असतं. ऐनवेळी अंग आखडतं आणि गुडघ्याची वाटी फरशीवर आदळते. श्वास सोडत आधी डोकं, मग मान, मग छाती सैल करा. गुडघे वाकवून बैठक खाली आणा आणि पोटरीची बाहेरची बाजू, मांडी, कुल्ला या क्रमाने टेका. भार मांसावर, हाडावर नाही. तळाशी थांबू नका, पडण्याचा जोरच उठवतो. आधी उकिडवं बसून दहा वेळा, मगच उभ्याने. सतरंजी नको, ती सरकते. एकमेकांत अडकणारे फोमचे मॅट घ्या. मे महिन्यात घामाचे थेंब दर फेरीला पुसा. सूज उतरेपर्यंत पडणं बंद.

मुंग्या येतात त्या भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटल्यामुळे. चार मोजून आत, सहा मोजून बाहेर, डोळे उघडे. कुणी रडू लागली तर संगीत थांबवा. ‘काय आठवलं?’ हे विचारू नका, न विचारता पाठीवर हातही नको. तळपाय जमिनीवर दाबायला आणि दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्यायला सांगा. पुन्हा पुन्हा होत असेल तर टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६.

प्रश्न : सुस्तो म्हणजे भूतबाधाच ना? अंड्याने उतरवण्याचा विधी मंचावर दाखवावा का?

उत्तर : भूतबाधा नव्हे. आपण ‘धसका घेतला’ म्हणतो, त्याच्या जवळचं. दचकल्याने आत्मा देहातून निसटतो, मग झोप-भूक उडते, अशी ती समजूत. उपचार करणारी बाई अंडं किंवा रुदा (म्हणजे आपली सताप!) अंगावरून फिरवते. मीठ-मोहरी ओवाळणारा हात आठवतो, म्हणूनच मोह होतो. पण कुणाचा उपचार मंचावर जसाच्या तसा आणला की नुसतं कुतूहल उरतं. फक्त डोक्याकडून पायाकडे येणारी हाताची चाल उचला.

तुमची ही पद्धत ज्यांच्या नावाची, ते नर्तक होसे लिमोन १९०८ साली मेक्सिकोतल्या कुलियाकानला जन्मले. युद्धाने उद्ध्वस्त झालेलं पोलंड पाहून त्यांनी १९५८ मध्ये ‘मिसा ब्रेव्हिस’ बसवलं. त्यातही थेट बॉम्ब नाहीत. एकवटलेला समूह आहे आणि त्याच्या बाहेर एकटा माणूस. तुमच्याकडे बारा जणी आहेत. अकरा एकत्र ठेवा, बारावीला तीन पावलं दूर उभं करा.