पृथुनासिक म्हणजे किती रुंद?

ठाण्याच्या एका वाचकाने विचारले आहे: शहापूर-मुरबाडच्या कातकरी, ठाकर वस्त्यांविषयी जुने लेखन चाळताना 'पृथुनासिक', 'दीर्घशीर्ष' असे शब्द भेटतात, त्यांचा अर्थ काय, आणि आज ते वापरावेत का?

व्याकरण सोपे आहे. पृथु म्हणजे रुंद, समास बहुव्रीही. म्हणून 'पृथुनासिक जमात', 'पृथुनासिका जमात' नव्हे. खरा अर्थ मात्र आकड्यात आहे. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले 100, हा नासिकांक. 70 च्या आत तो चिंचोळा, 70 ते 85 मध्यम आणि 85 च्या वर गेला की पृथु. डोक्याचेही तसेच: रुंदी भागिले लांबी, आणि 75 च्या खाली आले की दीर्घशीर्ष.

घोळ मोजणीतच आहे. उंची धरायची ती दोन भुवयांमधल्या नाकाच्या मुळापासून नाकपुडीच्या तळापर्यंत, पण जिवंत माणसाच्या कातडीखाली ते मूळ नेमके सापडत नाही. समजा, उंची 50 मिलिमीटर आणि रुंदी 40, तर नासिकांक 80, म्हणजे मध्यम. मूळ दोन मिलिमीटर खाली धरले आणि कॅलिपर नाकपुडीला जरा सैल लागून रुंदी 41 भरली, की तोच माणूस 85.4 वर, पृथुनासिक! शिवाय दमट, उष्ण हवेत नाके सरासरीने रुंद असतात. मग नाकाच्या मापावरून वंश कसा ठरवणार?

1901 च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी अशाच मापांवरून भारतीयांचे सात प्रकार पाडले. मराठे त्यांनी 'सिथो-द्रविड', म्हणजे शक आणि द्रविड यांचे मिश्रण, ठरवले. द्रविड हे मुळात भाषाकुलाचे नाव, ते चिकटवले डोक्याच्या मापाला. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी 1932 मध्येच दाखवले की नाकाचे माप आणि जातीची उतरंड यांची जोडी उत्तर भारताबाहेर नीट जमत नाही.

तेव्हा जुन्या मोजणीविषयी लिहायचे तर 'त्या पाहणीत सरासरी नासिकांक अमुक' असे लिहावे. 'कातकरी पृथुनासिक असतात' हे वाक्य खोडावे. सरासरी म्हणजे प्रत्येकाचे नाक नव्हे.

सरकारी कागदांत कातकऱ्यांपुढे दिसणारे 'आदिम जमात' हे वेगळे प्रकरण. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड अशा तीन जमाती त्यात आहेत. निकष शेतीपूर्व साधने, कमी साक्षरता, घटती वा खुंटलेली लोकसंख्या असे. नाकाडोक्याचे माप त्यात नाही.