अल्सर, ज्येष्ठमध आणि गुडघेदुखीची गोळी

प्रश्न : वय ५८. एन्डोस्कोपीत जठरात छोटा अल्सर निघाला. पॅन्टोप्राझोल (आम्ल कमी करणारी गोळी) सुरू आहे. गुडघ्यांसाठी अधूनमधून डायक्लोफिनॅक घेते, पण नेहमी जेवण झाल्यावरच. बीपीचीही गोळी आहे. ज्येष्ठमध आणि कोबीचा रस किती, कसा घ्यावा? (वाचक, सातारा)

उत्तर : ज्येष्ठमधाआधी डायक्लोफिनॅकचं बोलू, कारण तुमच्या अल्सरचं मूळ बहुधा तिथेच आहे. ‘भरल्या पोटी घेतली की गोळी बाधत नाही’ हा समज घरोघरी आहे. जठराच्या आतल्या अस्तरावर चिकट स्रावाचा थर असतो आणि तो टिकवणारी द्रव्यं शरीरच बनवतं. ही गोळी रक्तात उतरून त्या द्रव्यांची निर्मितीच रोखते. त्यामुळे जेवणानंतर घेतली, अगदी इंजेक्शनने घेतली, तरी धोका उरतोच. ती चालू असताना वरून कितीही काढे घेतले तरी जखम भरणं कठीण. डॉक्टरांना आजच सांगा आणि पर्याय विचारा. पॅरासिटामॉल किंवा वरून लावायचं जेल बहुतेकांना चालतं. (हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या वाचकांनी मात्र ती स्वतःच्या मनाने बंद करू नये.)

ज्येष्ठमध तुम्ही घेऊ नका. त्यातल्या ग्लायसिरायझिनमुळे शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम घटतं आणि बीपी चढतं. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर पोटॅशियम आणखी उतरतं. पायांत गोळे येतात, हृदयाचे ठोके बिघडतात. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनीही ते टाळावं. यातलं काहीच नसेल, तर अर्धा चमचा चूर्ण, म्हणजे साधारण दीड ग्रॅम, कोमट पाण्यातून दिवसातून दोनदा, जास्तीत जास्त चार आठवडे. घोट्यांवर सूज दिसली की थांबा. ग्लायसिरायझिन काढलेल्या ज्येष्ठमधाच्या चघळायच्या गोळ्या मिळतात. बीपी असणाऱ्यांनी विचारायचंच तर त्यांच्याबद्दल विचारावं.

कोबीच्या रसाची कीर्ती १९४९ सालच्या एका अमेरिकी अहवालामुळे पसरली. त्यात रुग्ण होते फक्त १३, आणि प्रत्येकाने दिवसाला जवळजवळ लिटरभर ताजा रस प्यायला. सकाळच्या अर्ध्या कपाकडून तेवढीच अपेक्षा ठेवणं चूक आहे. शिवाय कच्च्या कोबीने गुबारा धरतो. आवडत असेल तर शिजवलेली भाजी खा.

पॅन्टोप्राझोल न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्या. अन्न पोटात येतं तेव्हाच आम्ल तयार करणाऱ्या पेशी कामाला लागतात. औषध तेव्हा रक्तात हजर हवं. खाऊन झाल्यावर घेतलं तर उपयोग कमी होतो. जठरातला अल्सर भरला का हे पाहायला पुन्हा एन्डोस्कोपी केव्हा करायची, तेही विचारून ठेवा. दुखणं थांबलं म्हणजे जखम भरली, असं नसतं. शौचाला डांबरासारखं काळं, चिकट झालं किंवा उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखं काही पडलं, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळा होतो, पण तो चिकटपणा आणि उग्र वास नसतो.

प्रश्न : रात्री जळजळ उठली की गार दूध पितो. कधी चिमूटभर खाण्याचा सोडा घेतो. चालेल का? (वाचक, नांदेड)

उत्तर : दुधाने थोडा वेळ बरं वाटतं, पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला पुन्हा आम्ल सोडायला लावतात. सोड्यात सोडियम भरपूर. रोजची सवय नको. तंबाखू आणि मिश्री मात्र आधी सोडा, तंबाखूने अल्सर भरायला वेळ लागतो. आठवड्यातून दोनदा जळजळ होत असेल तर तपासणी करून घ्या.

प्रश्न : मध आणि ब्रोकोलीने अल्सरचा जंतू मरतो, असं वाचलं. खरं आहे का? (वाचक, पणजी)

उत्तर : हेलिकोबॅक्टर पायलोरी हा तो जंतू. अल्सरशी त्याचं नातं शोधल्याबद्दल बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. ब्रोकोलीच्या कोवळ्या मोडांनी जंतूंची संख्या घटते, पण मुळासकट ते जात नाहीत. खाणं बंद केलं की पुन्हा वाढतात. जंतू काढायचा तर डॉक्टरांनी दिलेली प्रतिजैविकं बहुधा १४ दिवस न चुकता घ्यावी लागतात. तोंड कडू होतं, पोट ढवळतं म्हणून बरेच जण पाचव्या-सहाव्या दिवशी सोडतात आणि उरलेला जंतू औषधाला दाद देईनासा होतो. त्या दिवसांत जेवणात दही ठेवलं तर जुलाब कमी होतात. श्वासाची किंवा शौचाची तपासणी करायची असेल, तर आम्ल कमी करणारी गोळी दोन आठवडे आणि प्रतिजैविकं चार आठवडे आधीपासून बंद हवीत, अर्थात डॉक्टरांना विचारूनच. नाहीतर जंतू पोटात असूनही अहवालात दिसत नाही.