'द्विपक्षीय' म्हणावं, 'सर्वपक्षीय' म्हणावं, की तिसरंच काही?

मिरजेहून एका तरुण वार्ताहर मुलीने विचारलं आहे: अमेरिकेतल्या एका जुन्या बातमीचा संदर्भ देताना 'बायपार्टिझन बिल' (दोन्ही पक्षांच्या सदस्यांचा पाठिंबा असलेलं विधेयक) असं होतं, त्याचं तिने 'द्विपक्षीय विधेयक' केलं. उपसंपादकांनी ते खोडून 'सर्वपक्षीय विधेयक' लिहिलं. तिला दोन्ही खटकतात. योग्य शब्द कोणता, आणि आपल्या संसदेत सत्ताधारी व विरोधक मिळून कायदा मंजूर करतात तेव्हा तोच शब्द वापरता येईल का, असे तिचे दोन प्रश्न आहेत.

तिचं खटकणं बरोबर आहे. त्या बातमीत दोन्ही शब्द चुकीचे अर्थ देतात.

'द्विपक्षीय' आधी पाहू. मराठी वाचकाच्या मनात हा शब्द परराष्ट्र खात्याच्या बातम्यांनी पक्का बसवला आहे. भारत-नेपाळ द्विपक्षीय चर्चा, द्विपक्षीय व्यापार, द्विपक्षीय करार. इथला 'पक्ष' म्हणजे करारातली एक बाजू. सांगली-सातारा पट्ट्यात तर याचा थोरला भाऊ सगळ्यांच्या ओळखीचा आहे: साखर कामगारांच्या पगारवाढीची त्रिपक्षीय समिती. कामगार, कारखानदार आणि सरकार हे तिचे तीन पक्ष, त्यातला एकही राजकीय पक्ष नव्हे. वरपक्ष-वधूपक्ष म्हणतो, कोर्टात पक्षकार म्हणतो, तोच हा 'पक्ष'. त्यामुळे 'द्विपक्षीय विधेयक' वाचलं की दोन देशांमधल्या कराराला कायद्याचं रूप देणारं काहीतरी असेल असं वाटतं. राज्यशास्त्राच्या पुस्तकात 'द्विपक्षपद्धती' हा शब्द आहे आणि तिथे तो बरोबर आहे, पण तो व्यवस्थेचं नाव आहे. त्या व्यवस्थेतल्या सहकार्याला तो लावता येत नाही.

आता 'सर्वपक्षीय'. हा आपल्याकडचा रुळलेला, कामाचा शब्द आहे. सर्वपक्षीय बैठक, सर्वपक्षीय मोर्चा, सर्वपक्षीय कृती समिती. पाणी योजनेचा प्रश्न असो की महापुराची भरपाई, निवेदनाखाली सगळ्या पक्षांच्या तालुकाध्यक्षांच्या सह्या असतात आणि बातमीत 'सर्वपक्षीय' येतं. अर्थ स्पष्ट आहे: पक्ष म्हणून सगळे आले. अमेरिकेच्या त्या बातमीत मात्र नेमकं हेच घडलेलं नव्हतं.

ती बातमी होती रस्ते, पूल, रेल्वे, पाणीपुरवठा यांसाठीच्या पायाभूत सुविधा कायद्याची. १० ऑगस्ट २०२१ रोजी अमेरिकी सिनेटने, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाने, तो ६९ विरुद्ध ३० मतांनी मंजूर केला. त्या वेळी सिनेटमध्ये दोन्ही बाजू ५०-५० होत्या. डेमोक्रॅटिक बाजूची पन्नासच्या पन्नास मतं पडली आणि रिपब्लिकन पक्षाचे १९ सदस्य त्यांच्या बरोबर गेले. उरलेल्या रिपब्लिकनांपैकी ३० जणांनी विरोधात मत दिलं. म्हणजे रिपब्लिकन पक्षाने पाठिंबा दिला असं म्हणता येत नाही, आणि दिला नाही असंही म्हणता येत नाही. पुढे नोव्हेंबरात खालच्या सभागृहात, म्हणजे प्रतिनिधीगृहात, हेच विधेयक २२८ विरुद्ध २०६ ने निघालं, तेव्हा १३ रिपब्लिकनांनी बाजूने मत दिलं आणि खुद्द सत्ताधारी डेमोक्रॅटिक पक्षाच्या ६ जणांनी विरोधात. 'बायपार्टिझन' या शब्दाच्या पोटात हे असे मोजके सदस्य असतात, आणि ते आपल्या पक्षातच राहून पलीकडे मत देतात. त्यांची गरजही मोठी असते. सिनेटमध्ये बहुतेक विधेयकांवरची चर्चा थांबवून मतदान घ्यायचं तर शंभरपैकी ६० मतं लागतात, आणि एकाच पक्षाकडे साठ सदस्य असणं फार दुर्मीळ. म्हणून पलीकडच्या बाकांवरून दहा-वीस जण आणल्याशिवाय मोठा कायदा सहसा होत नाही.

आता योगायोग बघा. त्याच दिवशी, १० ऑगस्ट २०२१ ला, आपल्या लोकसभेत १२७वं घटनादुरुस्ती विधेयक मंजूर झालं. मागासवर्ग ठरवण्याचा राज्यांचा अधिकार पुन्हा राज्यांना देणारं ते विधेयक. त्याच वर्षी ५ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षण रद्द केलं होतं, आणि त्या निकालात हा अधिकार राज्यांकडे उरलेला नाही असा १०२व्या घटनादुरुस्तीचा अर्थ लावला गेला होता. त्यामुळे आमच्याकडे चहाच्या टपरीपासून कोर्टातल्या वकिलांच्या बाररूमपर्यंत सगळ्यांचं लक्ष तिकडे होतं. ते अधिवेशन पेगॅसस प्रकरणावरून (फोनवर पाळत ठेवल्याच्या आरोपांवरून) गोंधळात चाललं होतं, कामकाज रोज तहकूब होत होतं. तरी या एका विधेयकापुरता विरोधकांनी गोंधळ थांबवला, चर्चेत भाग घेतला आणि मतं बाजूने दिली. लोकसभेत विरोधात एकही मत पडलं नाही. दुसऱ्या दिवशी राज्यसभेतही १८७ विरुद्ध शून्य. विधेयकांचा क्रमांक वेगळा चालतो, मंजूर झाल्यावर ही १०५वी घटनादुरुस्ती ठरली.

एकाच दिवसाच्या या दोन बातम्या शेजारी ठेवल्या की शब्दाचा घोळ सुटतो. आपल्याकडे पलीकडे जाणारा असतो तो पक्ष. सुटा खासदार सहसा जाऊ शकत नाही. १९८५ च्या ५२व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. तेव्हापासून पक्षादेश, म्हणजे आपण रोजच्या बोलण्यात 'व्हिप' म्हणतो तो, मोडून मत दिलं किंवा मतदानाला गैरहजर राहिलं, आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. अमेरिकेतल्या त्या १९ जणांसारखं वागणारे १९ खासदार आपल्याकडे अपात्रतेच्या सुनावणीत उभे राहिले असते. माझ्या मते या प्रश्नातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे: मराठीत यासाठी नेमका शब्द रुळलेला नाही, कारण तसं घडायला आपल्या सभागृहात वाटच ठेवलेली नाही. भाषेची उणीव म्हणून त्याकडे बघू नये.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं. अमेरिकेच्या बातमीत एका शब्दाचा हट्ट धरू नका. 'दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी मिळून मंजूर केलेलं विधेयक' असं सरळ लिहा. 'सदस्यांनी' हा शब्द त्यात हवाच, तो गाळला की अर्थ बिघडतो. मथळ्यात जागा नसेल तर 'उभयपक्षीय पाठिंबा' चालेल, कारण तिथे मुख्य पक्ष दोनच आहेत. मात्र मजकुरात लगेच आकडा द्या. आणखी एक काळजी: संसदीय मराठीत 'उभय' हा शब्द सभागृहांसाठी फार वापरला जातो. 'उभय सभागृहांत उभयपक्षीय' असं लिहिलंत तर वाचक अडखळेल. तिथे 'दोन्ही' वापरून मोकळं व्हावं.

काही जण 'पक्षातीत' सुचवतात. मला तो इथे पटत नाही. पक्षातीत म्हणजे पक्षाच्या पलीकडे गेलेला, पक्ष बाजूलाच पडला असा. सभागृहाच्या अध्यक्षाने पक्षातीत असावं, हे ठीक. पण ते १९ सिनेटर पक्के रिपब्लिकनच होते आणि त्यांच्या मताला किंमत आली ती त्याच कारणाने.

दुसरा प्रश्न आपल्या संसदेचा. इथे 'सर्वपक्षीय' लिहायला हरकत नाही, पण जपून. वस्तू व सेवा कराची घटनादुरुस्ती ३ ऑगस्ट २०१६ ला राज्यसभेत २०३ विरुद्ध शून्य मतांनी निघाली, म्हणून अनेकांनी 'सर्वपक्षीय' लिहिलं. प्रत्यक्षात अण्णाद्रमुकने सभात्याग केला होता. शून्य विरोध आणि सगळ्यांचा पाठिंबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या विधेयकाला नेमका शब्द 'सत्ताधारी व प्रमुख विरोधकांच्या सहमतीने' असा पडला असता. आणि ती सहमती खरी होती, देवाणघेवाण करून झालेली: एक टक्का जादा कराची तरतूद काँग्रेसच्या आक्षेपानंतर सरकारने काढून टाकली, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. घटनादुरुस्तीला हजर व मतदान करणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश मतं लागतात. राज्यसभेत तेवढं बळ सरकारकडे नव्हतं, म्हणून बोलणी करणं भाग होतं.

आता मला मनापासून सलणारी एक गोष्ट. प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र येण्याला मराठीत शब्दांचा तोटा नाही, पण त्यातले बहुतेक संशयाने काळवंडलेले आहेत. 'साटंलोटं' ही मुळात दोन घरांनी एकमेकांच्या मुली करून घेण्याची रीत. आज तो शब्द वाचला की आतून काहीतरी शिजतंय असंच वाटतं. 'संगनमत' तर फिर्यादीत जाऊन बसला, 'संगनमताने फसवणूक केली' याखेरीज तो क्वचितच भेटतो. 'हातमिळवणी'ची तीच गत. त्यामुळे विरोधी आमदाराने सरकारच्या चांगल्या विधेयकाला साथ दिली, तर ते सांगायला स्वच्छ शब्द शोधावा लागतो. बातमी लिहिणाऱ्यांनी इथे जागरूक राहावं. 'सहमती', 'एकमत', 'एकदिलाने', 'साथ दिली' हे शब्द अजून निर्मळ आहेत. ते वापरावेत आणि पुरावा असल्याशिवाय 'हातमिळवणी' लिहू नये.

हे मी आग्रहाने सांगतो याला कारण आमच्याच सांगली जिल्ह्यातलं आहे. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती. मागेल त्याला काम द्यावं ही रोजगार हमीची कल्पना त्यांची, आणि तिचा पहिला प्रयोग साठच्या दशकात त्यांच्या गावीच झाला. खर्च भागवायला १९७५ पासून व्यवसाय कर आला. नोकरदारांनी आपली पगारपावती काढून बघावी, महिन्याला दोनशे रुपयांची ती कपात बहुतेकांना तिथे दिसेल. तिचं मूळ दुष्काळी भागातल्या मजुराच्या हाताला काम देण्यात आहे. १९७७ चा रोजगार हमी कायदा विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी एकमताने केला. पुढे २००५ साली संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. सरकार काँग्रेसच्या नेतृत्वाखालचं, आणि विधेयक ज्या स्थायी समितीने तपासलं तिचे अध्यक्ष भाजपचे कल्याणसिंह. विधेयक समितीतून बाहेर आलं ते कमकुवत होऊन नव्हे, तिच्या शिफारशी ते अधिक व्यापक करा असं सांगणाऱ्या होत्या. सभागृहातलं भाषण छायाचित्रासह छापून येतं, समितीच्या खोलीतलं हे काम छापून येत नाही. ते लिहायची वेळ आली तर 'स्थायी समितीत सर्व पक्षांच्या सदस्यांनी मिळून सुचवलेल्या दुरुस्त्या' असं संपूर्ण लिहावं. शब्द जास्त लागतात, लागू देत.

याच ओघात 'बिनविरोध' आणि 'एकमताने' यांतला फरक. 'बिनविरोध' हा मुळात निवडणुकीचा शब्द: समोर उमेदवारच नाही. चीन युद्धाच्या वेळी देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले, हा त्याचा सुंदर वापर. तिथे विरोधी पक्षांनी समजून-उमजून उमेदवार दिला नाही. विधेयकाला 'एकमताने' हाच शब्द चांगला.

आणि 'आवाजी मतदानाने मंजूर' याचा अर्थ 'एकमताने' असा करू नये. ही चूक वर्तमानपत्रांत वारंवार दिसते. आवाजी मतदान ही फक्त पद्धत आहे: होकार-नकाराचा आवाज ऐकून पीठासीन अधिकारी निर्णय देतात. २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत तीनपैकी दोन कृषी विधेयकं आवाजी मतदानानेच मंजूर झाली, आणि त्या वेळी विरोधक मतविभागणी मागत सभापतींच्या आसनापुढे उभे होते. मतविभागणी झाली तरच कोणाचं मत कुठे पडलं याची नोंद राहते. ती झाली होती का, हे आधी विचारा आणि मगच 'एकमत', 'सर्वपक्षीय', 'उभयपक्षीय' यांपैकी शब्द निवडा.