सोलापुरात वीज कंपनी बदलून बिल कमी होईल का?

तुम्ही विचारलंय की मुंबईच्या मावसभावाने वीज कंपनी बदलली आणि बिल निम्म्यावर आलं, तर सोलापुरात आपल्यालाही तसं करता येईल का. नाही येणार. घरगुती मीटरला इथे महावितरणच. होटगीकडे एनटीपीसी या सरकारी कंपनीचा १,३२० मेगावॅटचा वीज प्रकल्प धडधडतोय, पण त्याचा आपल्या बिलाशी तसा थेट संबंध नाही. २००३च्या वीज कायद्यात दुसरीकडून वीज घ्यायची सोय आहे, पण ती कारखान्यांसारख्या मोठ्या ग्राहकांना. मुंबई उपनगरात टाटा आणि अदानी दोघांकडेही परवाना आहे, म्हणून तिथे निवड करता येते.

तरी भावाचे पैसे खरंच वाचले का, हे तपासाच. माझी बहीण कांदिवलीला असते. तिनेही कंपनी बदलली आणि सगळ्यांना सांगत सुटली. जानेवारीत सोलापूरला गड्ड्याच्या जत्रेला आली तेव्हा म्हटलं, मोबाईलवर बिलं काढ. जुन्या कंपनीचं मे महिन्याचं बिल ४१० युनिटचं, नव्या कंपनीचं डिसेंबरचं २३० युनिटचं! मधे जूनमध्ये पोरगा पुण्याला होस्टेलवर गेला, त्याच्या खोलीतला एसी बंद. बिल उतरलं ते पोरामुळे, श्रेय मात्र कंपनीला.

गंमत म्हणजे तिने रक्कम भागिले युनिट असंही करून पाहिलं होतं, आणि दर युनिटला खरंच कमी पडत होतं. ते कुठल्याही कंपनीत पडणारच. दर टप्प्याने चढतात: १०० पर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा. मे महिन्यात तिचे ११० युनिट तिसऱ्या टप्प्यात गेले होते, डिसेंबरमध्ये एकही नाही. मग आम्ही कागद घेतला आणि तेच २३० युनिट जुन्या कंपनीच्या दराने मांडले. नुसता वीज आकार नाही, दरमहा ठरलेला स्थिर आकार, तारांमधून वीज आणण्याचा वहन आकार, इंधनाच्या खर्चाप्रमाणे बदलणारं इंधन समायोजन आणि वर १६ टक्के वीज शुल्क, सगळं धरून. फरक निघाला चाळीसेक रुपये. बहीण म्हणाली, "चहा टाकते."

ते चाळीसही कायमचे नाहीत. वीज नियामक आयोगाचा नवा दर आदेश आला की पारडं फिरू शकतं, आणि इंधन समायोजन तर मधूनच बदलतं.

आपल्याकडे बदलायचंच म्हटलं तर छतावरचं सोलर. ऊन आपल्याला कुणी शिकवायला नको. पंतप्रधान सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार आणि ३ किंवा जास्तीला ७८ हजार अनुदान आहे. १ किलोवॅटमधून दिवसाला साधारण ४ युनिट मिळतात. पण विकणारा "बिल शून्य" म्हणाला की सावध व्हा, स्थिर आकार भरावाच लागतो. आणि अनुदान जास्त म्हणून गरज नसताना ३ किलोवॅट बसवू नका, वापरून उरलेली वीज महावितरणकडे जाते, पण वर्षअखेरीस शिल्लक युनिटला आपण भरतो तो दर मिळत नाही. सोलरने आधी सर्वात वरच्या, महागड्या टप्प्यातले युनिट कटतात. त्यामुळे ४०० युनिट जाळणाऱ्याचा पैसा लवकर वसूल होतो, १०० वाल्याचा रखडतो. कर्ज काढून बसवणार असाल तर व्याजही त्याच कागदावर मांडा.

तुमच्या बिलावर मागच्या महिन्यांचे युनिट छापलेले असतात. बारा महिन्यांचे काढा, एकटा एप्रिल-मे धरू नका. आमच्याकडे सरासरी १३० च्या आसपास येते, म्हणून मी अजून सोलर लावलेलं नाही. वरच्या खोलीत एसी बसला की पुन्हा कागद काढीन.