पुष्परचनेसाठी किती दिवे?

प्रश्न : मी घरगुती समारंभांसाठी पुष्परचना करते. त्यांची छायाचित्रे काढण्यासाठी दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीला लागून टेबल मांडले आहे. वर एलईडी ट्यूब, शेजारी पिवळा दिवा आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश, एवढे असूनही निशिगंध राखाडी दिसतो, लाल गुलाबाच्या पाकळ्या एकमेकींत मिसळतात आणि भिंतीवर काळी सावली पडते. आणखी दिवे घ्यावेत का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आणखी दिवे मुळीच घेऊ नयेत, आहेत तेही बंद करावेत. पाकळीची वळणे आपल्याला कळतात ती तिच्यावरच्या सावलीमुळे, आणि चहूबाजूंनी प्रकाश आला की ती सावलीच पुसली जाते. शिवाय पांढऱ्या ट्यूबचे रंगतापमान (प्रकाश किती पिवळसर किंवा निळसर आहे याचे माप) साधारण ६५०० केल्विन, तर पिवळ्या दिव्याचे २७०० असते. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे म्हणून रंग जुळवण्याची सोय) यांपैकी एकालाच जुळवता येतो, त्यामुळे दुसऱ्याची छटा फुलांवर राहतेच.

खोलीला खिडकी असेल, तर तोच आपला दिवा. थेट ऊन येत असल्यास काचेवर ट्रेसिंग पेपर किंवा पांढरे मलमल ताणून लावावे. पावसाळ्यातल्या ढगाळ दिवशी त्याचीही गरज पडत नाही. रचना अशी ठेवावी की प्रकाश बाजूने आणि किंचित मागून येईल, म्हणजे पातळ पाकळ्यांतून तो झिरपतो आणि त्यांच्या शिरा दिसू लागतात. खिडकीच्या समोरच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता उभा करून तो हळूहळू जवळ आणावा आणि सावली हवी तेवढी उजळली की थांबावे. निशिगंधासाठी मात्र कधी त्या जागी काळा पुठ्ठा ठेवून पाहावा. पांढऱ्या पाकळीची कड त्याने फार सुरेख उठून येते. टेबल भिंतीपासून चार फूट पुढे ओढले, की सावली भिंतीवर न पडता जमिनीवर पडेल, आणि कॅमेऱ्यालाही पुरेशी जागा उरेल.

निशिगंध राखाडी होतो, कारण कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर समोरचे दृश्य मध्यम उजळ आहे असे धरून चालतो. चौकटीत पांढरा रंग जास्त असेल तर एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरवर पडणारा प्रकाश, २/३ ते १ स्टॉपने वाढवावे (एक स्टॉप वाढवणे म्हणजे प्रकाश दुप्पट करणे). लाल गुलाबाचे याच्या उलट आहे : तिथे सेन्सरची लाल वाहिनी (लाल प्रकाशाची नोंद) सर्वांत आधी भरून जाते आणि पाकळ्यांमधला तपशील हरवतो, म्हणून एक्स्पोजर १/३ ते २/३ स्टॉपने कमी करून लाल रंगाचा हिस्टोग्राम (उजेडाच्या वाटणीचा आलेख) वेगळा तपासावा. दोन्ही फुले एकाच रचनेत असतील, तर रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) घेऊन, लाल आणि पांढरा यांपैकी कशाचाही तपशील जास्त प्रकाशाने हरवणार नाही इतकेच एक्स्पोजर ठेवणे मला योग्य वाटते.

कॅमेरा तिकाटण्यावर, आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (भिंगाचे छिद्र) एफ/८ ते एफ/११ आणि दोन सेकंदांचा टायमर असावा. शटर बराच वेळ उघडे राहणार असल्याने पंखा आठवणीने बंद करावा.

प्रश्न : रात्री एलईडी दिव्याखाली मोबाइलने काढलेल्या छायाचित्रांत आडवे पट्टे का येतात?
— एक वाचक, पणजी

उत्तर : आपल्याकडचा वीजप्रवाह ५० हर्ट्‌झचा असल्याने साध्या एलईडीचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, आणि मोबाइल चित्र ओळीओळीने टिपत असल्याने काही ओळी उजळ, काही गडद येतात. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवल्यास पट्टे जातात. नवा दिवा घेताना त्याचा सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक) ९५ किंवा अधिक आहे, हे वेष्टनावर पाहून घ्यावे; त्यापेक्षा कमी असल्यास लाल आणि जांभळी फुले फिकी पडू शकतात.